आईच्या मुखातील ग्रंथ

वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, २ तीमथ्य १:३-५ व ३:१४-१५.

गेल्या हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातील एका मंडळीत पालकांची सभा भरली असता एका शेतमजूर बंधूने मला असा प्रश्न केला : "पाळकसाहेब, शहरातील काही शिकलेले लोक आपली मुले शाळेत न घालता घरीच शिकवितात, जुन्या भाषा व जुने ग्रंथ त्यांच्याकडून पाठ करवितात, असे ऐकतो. त्यांचे ठीक आहे. पण आम्हांस धड सही करता येत नाही. आम्ही घरी काय शिकविणार?" सभेतील पुष्कळांनी माना डोलाविल्या. त्या वेळी मी दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून आज ह्या पाठात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचे योजिले आहे.

घरी राहून प्राचीन विद्या शिकलेल्या मुलांचे उदाहरण शोधण्यास आपणांस परदेशी जावयास नको. बारामतीहून दौंडास जाऊन तेथून पुण्याच्या आगगाडीत बसले म्हणजे वाटेत केडगाव लागते. तेथील मुक्तिसदन ज्यांनी स्थापिले त्या पंडिता रमाबाई लहानपणी कोणत्याही शाळेत शिकल्या नव्हत्या. त्यांची शाळा म्हणजे त्यांची आई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी विद्याभ्यास करीत होते. साठेशास्त्री हे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघू शकतात हे त्या तरुण विद्यार्थ्याला तेथे कळले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्याच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर, वयाच्या सुमारे चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले. लक्ष्मीबाई तेव्हा अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. (ह्या विवाहाच्या रीतीचे मंडन कोणी करू नये, रमाबाईंनी पुढे जन्मभर तिच्याविरुद्ध काम केले.) ह्या मुलीस शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकविले. लोकांत गवगवा झाला, आणि त्यांना उडुपी येथील विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून स्त्रियांस संस्कृत शिकविणे शास्त्रविरुद्ध नाही हे सिद्ध करावे लागले. शेवटी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आता त्या बंधूच्या प्रश्नाशी ज्याचा निकट संबंध आहे तो भाग येतो. हे कुटुंब त्या रानातही राहिले नाही. मूल सहा महिन्यांचे असतानाच सर्वजण तीर्थयात्रेस निघाले, आणि लहानग्या रमेस वेताच्या पेटीत निजवून ती पेटी एका मजुराच्या डोक्यावर देऊन डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे त्यांचे घर म्हणजे वाट. आज एका क्षेत्री, उद्या दुसऱ्या. देवळात अथवा नदीकाठी बसून पुराण सांगावे आणि लोक जे देतील त्यावर निर्वाह करावा. वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम आईकडे आले. रमाबाई आठ वर्षांच्या असताना आरंभ झाला व त्या सुमारे पंधरा वर्षांच्या होईपर्यंत ते चालले. आईला दिवसभर कामातून उसंत नसे. म्हणून ती पहाटे मुलीस गोंजारून उठवी आणि पाठ सांगे. पुस्तक समोर नसे. आईने म्हणावे व मुलीने तिच्यामागे म्हणावे. संस्कृत व्याकरण व कोश हे श्लोकबद्ध असल्यामुळे तेही तोंडपाठच करावयाचे असत. भागवत पुराणाची श्लोकसंख्या परंपरेने अठरा हजार मानतात. ते बारा वर्षांच्या वयात रमाबाईंस मुखोद्गत होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

बंधूंनो, येथे जरा थांबून पाहा. ह्या शाळेस भिंती नव्हत्या, फळा नव्हता, कायमचे गावही नव्हते. तरी सात वर्षांत पाठ तुटला नाही, कारण ग्रंथ आईच्या मुखात होता आणि आई जेथे जाईल तेथे ग्रंथ जाई. पुढे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविले आहे की, आईने आपल्या मनास अशी शिस्त लाविली की त्यानंतर दुसऱ्याच्या थोड्याशा साहाय्याने आपले शिक्षण आपणच चालविता आले. १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास गेल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून त्यांनी मूळ भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते पुरे छापून होण्याच्या आधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या निवर्तल्या. वयाच्या आठव्या वर्षी व्याकरणाची जी घडण झाली ती त्या कामी आली असावी, असे मला वाटते.

पाठांतराची ही रीत केवळ आमच्याच देशातली नव्हे. ग्रीक व रोमन लोकांच्या जुन्या शाळांत आधी भाषेचे नियम व उत्तम लेख मुखोद्गत करावयाचे, मग त्यांवर तर्क चालवावयास शिकावयाचे, आणि शेवटी चारचौघांत नीट बोलावयास, असा सर्वसाधारण क्रम असे. शहरातील जे लोक 'अभिजात' शिक्षणाचे नाव घेतात त्यांच्या मनात हाच क्रम असतो. आणि आपल्या बारामतीत मोरोपंत (१७२९-१७९४) होऊन गेले. ते पन्हाळगडावर केशव व गणेश पाध्ये ह्या विद्वान बंधूंपाशी शिकले आणि बारामतीस नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगत राहिले. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातून अशा पुष्कळांच्या कानी गेल्या की ज्यांनी पोथी कधी हाती धरिली नव्हती.

पण त्या पुराणाच्या ओट्यापाशी कोणास बसता येत असे? आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांच्या आजापणजांस ओट्याजवळ उभे राहण्याचीही मुभा नव्हती. हे वाचताना कोणाच्या मनात कडवटपणा आला तर त्यास मी दोष देणार नाही. म्हणून दुसरीही एक घरची शाळा सांगितली पाहिजे. पुण्यास जोतीराव फुले, जे स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, त्यांनी आपल्या पत्नी सावित्रीबाईंस आधी घरीच शिकविले. आणि १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली तेव्हा सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग जातीच्या एका लहान मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ मध्ये छापिला. एका घरात पेटलेला दिवा कोठवर गेला ते पाहा. विद्या ज्यांस नाकारिली गेली त्यांनीच ती आपल्या घरात अधिक जपून ठेवावी, हे आमचे वतन आता कोणास हिरावून घेता येणार नाही.

आता डोंगरे कुटुंबाच्या शिक्षणाची दुसरी बाजू. ती रमाबाईंनी कधी लपविली नाही, म्हणून आपणही लपवू नये. मुलांचा बाहेरच्या लोकांशी संबंध येऊ नये, अशी त्यांच्या आईबापांची इच्छा होती. संस्कृताखेरीज दुसरी भाषा शिकवावयाची नाही. व्यवहाराचे शिक्षण मनुष्यास संसारी करिते, म्हणून तेही नको. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा व भांडी संपली. १८७४ मध्ये वडील वारले, त्यांच्यामागून थोड्याच दिवसांत आई, मग थोरली बहीण. उरली ती दोन भावंडे. भाऊ एकवीस वर्षांचा धडधाकट तरुण, पण त्यास कोणतेही काम येत नव्हते, आणि अंगमेहनत करावयास जातीचा अभिमान आड येई. हजारो श्लोक मुखात असलेली ती दोघे उपाशीपोटी गावोगाव हिंडली.

मुले घरीच ठेवून शिकवू म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने हा भाग दोनदा वाचावा. जगापासून दूर ठेविल्याने मूल पवित्र राहते असे नाही. कित्येकदा ते केवळ पांगळे होते. रमाबाईंनी ह्यावरून काय घेतले ते केडगावास दिसते. १८८९ मध्ये मुंबईस त्यांनी शारदासदन काढिले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणिलेल्या निराधार मुलींसाठी केडगावच्या माळावर जागा केली. तेथे मुलींस अक्षर शिकविले, त्याबरोबर शेत, माग, गोठा आणि छापखानाही शिकविला. शास्त्राच्या त्या भाषांतराचे खिळे मुक्तिसदनातील मुलींनी जुळविले. आईपासून मिळालेले पाठांतर त्यांनी टाकिले नाही. त्यास हातांची जोड दिली.

म्हणून आमच्या भागातील पालकांस माझे सांगणे असे की, मूल शाळेतून काढू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. पण शाळेत घातले म्हणजे आपले काम संपले असेही समजू नका. शाळा दिवसाचे काही तास घेते. पहाट आणि रात्र आईबापांकडेच राहते.

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे विशेषतः ऊसतोडणीची कुटुंबे आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून व इतर कोरडवाहू भागांतून ही मंडळी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या शिवारात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची. पहाटेच फडात जावयाचे. कोपीवर लहान भावंडांस सांभाळावयास आठ-दहा वर्षांची मुलगी. हंगाम संपेपर्यंत तिची शाळा बुडते. काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविण्यात आल्या, तरी सर्व मुले त्यांत आली असे कधी झाले नाही. ह्या कुटुंबांत काही आपलेही लोक असतात, आणि जे आपले नाहीत त्यांची मुलेही मुलेच आहेत. बोधक बंधूंनी हे लक्षात ठेवावे की, त्याच कायद्याप्रमाणे अशा मुलास जवळच्या शाळेत त्याच्या वयास योग्य अशा वर्गात घ्यावे लागते, आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून त्यास परत पाठविता येत नाही. मुलाचा हात धरून मुख्याध्यापकांकडे जाणे हे बोधकाचेच काम आहे. आणि कोपीवर रात्री भाकरी भाजल्या जात असताना अर्धा तास बसून पाढे, एखादे गीत, एखादी गोष्ट मुलांकडून म्हणवून घेणे, हे करावयास पगारी शिक्षक लागत नाही. फिरस्त्या कुटुंबात पाठ कसा टिकतो ते लक्ष्मीबाईंनी दाखविलेच आहे.

"पण आम्हांस वाचता येत नाही," हा आक्षेप उरतोच. त्यास माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. माझ्या आईस अक्षर येत नव्हते. संध्याकाळी ती चुलीपुढे बसे आणि मला शास्त्र मोठ्याने वाचावयास लावी. एकदा खेळावयास जाण्याच्या घाईत मी स्तोत्रातील दोन ओळी गाळून पुढे गेलो. तिने परातीतले पीठ तसेच ठेवून म्हटले, "मधले कुठे गेले?" भजनांत व प्रार्थनासभांत ऐकून ऐकून ते स्तोत्र तिला सबंध येत होते. मी मागे जाऊन पुन्हा वाचले. मग तिने त्या ओळींचा अर्थ मला विचारला, आणि मला तो सांगता आला नाही. "उद्या मास्तरांना विचारून ये, मग मलाही सांग," असे ती म्हणाली. पाठ, अर्थ आणि दुसऱ्यास समजावून सांगणे, हे तिन्ही त्यात आले की नाही? सेमिनरीत गेल्यावर ग्रीक व्याकरण पाठ करिताना मला त्या परातीची आठवण पुष्कळदा होई.

तीमथ्याचा बाप ग्रीक होता. त्याने मुलास काय शिकविले हे शास्त्र सांगत नाही. आजी लोईस व आई युनीके यांची नावे मात्र पौलाने लिहून ठेविली आहेत.

येत्या आठवड्यात घरोघरच्या प्रार्थनासभांत बोधकांनी व बायबल बायांनी प्रत्येक घरी एवढेच विचारावे : ह्या घरात कोणास काय तोंडपाठ आहे? आजीस गीते येत असतील, आजोबांस पावकी-निमकी, कोणास गावाची जुनी हकीकत, कोणास पेरणीची नक्षत्रे. ते मुलांच्या वहीत मुलांच्याच हाताने लिहवून घ्यावे, आणि पुढील सभेस त्या वह्या घेऊन यावे.