पूर्वनियोजन : कथेत आणि जीवनात

कथालेखनाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, सगळे आधी ठरवून लिहावे, की सुचेल तसे लिहीत जावे?" हाच प्रश्न जीवनाबद्दलही विचारता येईल. काही विद्यार्थी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा खिशात घेऊन हिंडतात. काही 'पुढचे पुढे पाहू' म्हणून मोकळे होतात. या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर तापी नदीपाशी सापडले.

सुरत जिल्ह्यातील कामरेज हे तापीकाठचे गाव. मी तेथे गेलो तेव्हा रस्त्याच्या दोहो अंगांना ऊस डोलत होता. या भागाला उकाई-काकरापार योजनेच्या कालव्यांचे पाणी मिळते. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी आपल्या खानदेशातून वाहत उकाईला येते, आणि कामरेजवरून पुढे सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. त्याची पूर्ण पातळी ३४५ फूट.

आता अडचण पाहा. उसाला पाणी हवे, विजेलाही हवे. म्हणून धरण लवकर भरावेसे वाटते. परंतु जुलैतच ते काठोकाठ भरले, तर ऑगस्टचा पूर ठेवायचा कोठे? उलट, जागा राखण्यासाठी पाणी सोडून दिले आणि पुढे पाऊसच आला नाही, तर? यावर उपाय म्हणून कोणत्या महिन्यात पाणी कोठवर चढू द्यावे, याचे कोष्टक केलेले असते. पावसाळा संपताना धरण भरलेले हवे, हा शेवट आधी ठरतो. त्यावरून मागे मागे येत जुलैची पातळी ठरते. मधल्या काळात पुरासाठी जागा रिकामी राहते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला मोठा पूर आला. उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. पाणी आधीच, थोडे थोडे सोडायला हवे होते काय, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही; पण रिकाम्या जागेची किंमत त्यावरून कळते.

कथेचेही असेच आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. यमुना स्वतःची कहाणी मागे वळून सांगते. आपल्या आयुष्याचे काय झाले, हे सांगणारीला पहिल्या पानावरच ठाऊक असते. म्हणून बालपणीच्या साध्या प्रसंगांवरही पुढच्या दुःखाची छाया पडते. मात्र याच हरिभाऊंच्या 'आजच', 'कर्मयोग' यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. एवढ्या समर्थ लेखकाच्याही हातून कथा तडीस जाईलच, असे नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : शेवट ठरवा, दोनचार टप्पे ठरवा, आणि मधे पात्रांना वागायला जागा ठेवा. प्रत्येक संवाद आधीच ठरला, की पात्रे कळसूत्री बाहुल्या होतात. काहीच ठरले नाही, तर कथा पाचव्या पानावर बसकण मारते.

वेळापत्रकालाही हाच नियम लावावा. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत प्रत्येक तास भरलेले वेळापत्रक पहिल्या तापातच कोलमडते. आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवणारा विद्यार्थी मागे पडलेला अभ्यास भरून काढतो. घरी अचानक आजारपण आले, वडिलांचा हात चालेनासा झाला, तरी शिक्षण न सोडता निभावून नेण्याची थोडी शक्यता त्याला उरते. आपल्याकडचा शेतकरी घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

येणारे वर्ष आखताना, मित्रहो, वर्षअखेरीस कोठे पोचायचे ते प्रथम लिहा. मग मागे येत येत आजच्या दिवसापर्यंत या. आणि वाटेत थोडी जागा कोरी सोडा. पूर कधी येईल ते सांगता येत नाही. त्याच्यासाठी जागा ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.