मुठीचे धान्य आणि गावाचे कोठार

वारकऱ्याला अन्नदानाचे महत्त्व सांगणे म्हणजे पंढरपूरकराला चंद्रभागेची वाट दाखवण्यासारखे आहे. वारीच्या वाटेवर गावोगाव पंगती उठतात. द्वादशीला पारणे सुटते. सप्ताहाची सांगता झाली की काल्याच्या दिवशी सारा गाव जेवतो. हे सर्व ठीकच आहे. पण सज्जनहो, आजच्या पाठात एकच प्रश्न विचारायचा आहे. काल्याच्या दिवशी जो पोटभर जेवला, तो दुसऱ्या दिवशी काय जेवतो?

ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. पण ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, जिथे आजी दोन नातवंडे घेऊन एकटी राहिली, त्या घराला रोजच तो पडतो. पंगत एका वेळेची भूक भागवते. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांची भूक भागवायची तर गावाचे कोठार लागते. अशा कोठाराला आजकाल धान्य बँक किंवा अन्न बँक म्हणतात. नाव नवे आहे, पण गोष्ट आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

पहिला दृष्टांत : दामाजीपंत

पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपणां सर्वांना ठाऊक आहेत. महिपतींनी 'भक्तविजय' ग्रंथात त्यांची कथा सांगितली आहे. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारे लोकांना खुली केली. पुढे विठुरायाने विठू महाराचे रूप घेऊन त्या धान्याचे मोल दरबारात भरले.

आपण ही कथा ऐकतो आणि देवाच्या दयेने डोळे भरून येतात. पण तिच्यातली दुसरी गोष्ट नजरेतून निसटते. देवाने बादशहाला 'धान्य माफ कर' असे सांगितले नाही. त्याने दाम मोजले आणि रीतसर पावती घेतली. म्हणजे ज्या कोठारातून भुकेल्याला मिळते, त्या कोठाराचा हिशेब चोख हवा. दया आणि वही या दोन्ही एकाच ओट्यावर बसल्या पाहिजेत.

दुसरा दृष्टांत : कर्मवीरांचा मुष्टिफंड

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची गरीब पोरे एका छताखाली राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली. पण एवढ्या पोरांना रोज घालायचे काय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. तो त्याग थोरच. पण दागिना एकदाच विकता येतो आणि भूक रोज लागते.

म्हणून मुष्टिफंडाची रीत आली. घरच्या बाईने दळण काढताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे. मूठ कोणाला जड नाही. श्रीमंताची आणि गरिबाची मूठ जवळजवळ सारखीच. त्यामुळे कोणी मोठा दाता नाही आणि कोणी लहान नाही.

याच्या शेजारी जुनी एक रीत ठेवून पाहा. पूर्वी शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. पोट भरायचे, नाही असे नाही. पण आज कोणाचे दार, उद्या कोणाचे, हे त्याला रोज आठवावे लागे आणि घरच्या मंडळींचा चेहराही वाचावा लागे. मुष्टिफंडाच्या पंगतीत बसलेल्या मुलाला मात्र आपल्या भाकरीत कोणाची मूठ आहे हे कळायचा मार्गच नव्हता. त्याने मान खाली घालायची ती कोणापुढे? साऱ्या गावाने दिले म्हणजे कोणा एकाचे उपकार राहिले नाहीत. आजच्या पाठाचे सार हेच. अन्न द्यायचे ते असे, की घेणाऱ्याची मान ताठ राहावी.

तिसरा दृष्टांत : परदेशातला

आता थोडे दूर जाऊ. भूक काही आपल्याच मुलखात राहत नाही. अमेरिका हा श्रीमंत देश, पण अन्न बँक हे नाव तिथूनच जगभर गेले. अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या भोजनगृहात सेवा करीत. तिथे त्यांना पुष्कळ लेकरांची एक आई भेटली. दुकानांनी टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर ती मुलांना वाढवीत होती. पैशांची बँक असते तशी अन्नाचीही असावी, ज्याच्याजवळ जादा आहे त्याने ठेवावे आणि ज्याला नड आहे त्याने न्यावे, हा विचार तिचाच, असे सांगतात. १९६७ साली व्हॅन हेंगेल यांनी तिथे सेंट मेरीज फूड बँक उभी केली. बघा, केवढा विचार एका उपाशी लेकरांच्या आईकडून आला!

पुढे १९९० नंतरच्या दशकात त्याच देशात आर्कान्सा राज्यातील एका शाळेतल्या परिचारिकेच्या ध्यानात आले, की काही मुले पोट दुखते, चक्कर येते म्हणून तिच्याकडे येतात आणि त्यांचा आजार म्हणजे भूकच आहे. शाळेत जेवण मिळे, पण शनिवार-रविवारी घरात काही नसे. मग तिथल्या धान्यकोठाराने मुलांच्या दप्तराच्या पिशवीत घरी न्यायला शिधा द्यायला सुरुवात केली. पिशवी इतर पोरांच्या पिशवीसारखीच, म्हणजे आत काय आहे हे कोणाला कळू नये. सातासमुद्रापलीकडेही प्रश्न तोच होता. पोट भरावे आणि मानही राहावी.

शंका आणि समाधान

कोणी म्हणेल, 'महाराज, आता सरकार धान्य देते, शाळेत खिचडी मिळते. मग गावाने कोठार कशाला ठेवायचे?'

शंका रास्त आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. शाळेतल्या पोषण आहाराची देशव्यापी योजना १९९५ साली सुरू झाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. हा हक्क आहे, भीक नव्हे. तो ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे.

पण हक्काच्या चादरीला भोके असतात. नव्या सुनेचे, नव्या बाळाचे नाव कार्डावर चढायला वेळ लागतो. रविवारी शाळा नाही. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत शाळेची चूल थंड असते. बीडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. घरात मरण किंवा आजारपण आले तर चार कागद गोळा होईपर्यंत पोट थांबत नाही. गावाचे कोठार या भोकांसाठी आहे. सरकारची जागा त्याने घेऊ नये. उलट, कोठाराकडे आलेल्या माणसाचे कार्ड नसेल तर त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जाणे हेही कोठाराचेच काम समजावे.

दुसरी शंका अशी, की एवढे धान्य आणायचे कोठून? चला, हिशेब मांडू. मूठ लहानमोठी असते, आपण ५० ग्रॅम धरू. २०० घरांनी रोज एक मूठ काढली तर दिवसाला १० किलो होतात आणि महिन्याला ३०० किलो. माणशी ५ किलोप्रमाणे ६० माणसांचा महिन्याचा शिधा झाला. किंवा सुटीच्या दिवसात १०० लहान मुलांचे रोजचे एक वेळचे धान्य झाले. घरात मात्र कोणाला एक घास कमी पडला नाही.

तिसरी शंका, 'लोक फुकटखाऊ होतील.' ज्याला उधार म्हणून न्यायचे त्याला उधार द्या. १९९६-९७ साली केंद्र सरकारने आदिवासी गावांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना काढली तिची रीत हीच होती : टंचाईत धान्य न्यायचे, सुगीला धान्यच परत घालायचे. ज्याला परत करणे शक्य नाही त्याच्याकडे मागू नये. बाकी एवढे ध्यानात ठेवा, उपाशी आई कोठाराच्या दाराशी येते तेव्हा ती आधी दहा वेळा उंबऱ्यावरून परत फिरलेली असते.

कोठार कसे चालवावे

धान्य घेताना वाळलेले, निवडलेले घ्यावे. ओलसर धान्य एका पोत्यात गेले तर शेजारची पोतीही खराब होतात. ऊन द्यावे, कडुनिंबाचा वाळका पाला घालावा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावी. आधी आलेले आधी द्यावे. बंद पुड्यांवरची मुदत पाहावी. जे आपल्या ताटात घेणार नाही ते कोठारात घालू नये. वजनकाटा सर्वांसमोर असावा. आलेल्या आणि गेलेल्या धान्याची वही मंदिरात कोणालाही पाहता यावी. पण नेणाऱ्यांच्या नावांची वही वेगळी, आणि ती दोघा-तिघांपलीकडे जाऊ नये. शिधा देताना फोटो काढू नयेत, ध्वनिक्षेपकावर नावे पुकारू नयेत. मुलांचा शिधा शाळेतल्या बाईंमार्फत द्यावा. कोण पोर रिकाम्या डब्याने येते हे त्यांना आपल्या आधी कळते. आणि कोठाराच्या किल्ल्या बायाबापड्यांकडे असू द्याव्यात. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना धूर पाहूनच समजते.

भजनी मंडळांना विनंती एवढीच. पुढच्या सप्ताहाला जे धान्य जमेल त्यातले चार पोते शिधा काल्यानंतर विकून टाकू नये, जेवणावळीवर जेवणावळही घालू नये. त्यातून कोठाराचा नारळ फोडावा. वारीत आपण लहानथोर सारे एकमेकांच्या पाया पडतो. तो भाव फक्त वाटेवर ठेवून घरी आलो तर वारी अर्धीच झाली.

मंडळात बसून विचार करण्यासाठी

१. आपल्या गावात रविवारी आणि सुटीत कोणती मुले अर्धपोटी राहतात?
२. कोणाची नावे रेशनकार्डावर नाहीत, आणि त्यांच्याबरोबर कचेरीत कोण जाईल?
३. उद्याच्या दळणातून पहिली मूठ कोणाच्या घरची निघेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याकडे पाहून देऊ नये.

रामकृष्णहरी.