बालकाची भाषा आणि विचारविकास : मराठी संख्यावाचक शब्दांच्या निमित्ताने

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –

- बालकाच्या विचारविकासाविषयीच्या पियाजे व वायगॉट्स्की यांच्या भूमिका स्पष्ट करता येतील.
- मुलांच्या बोलण्यातील नियमबद्ध 'चुका' ओळखता येतील.
- मराठी संख्यावाचक शब्दांची रचना आणि संख्याबोध यांचा संबंध सांगता येईल.
- भाषेतील अडचण आणि आकलनातील अडचण यांत फरक करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बालकाचे ध्वनिग्रहण आणि शब्दसंग्रह यांचा विचार केला. प्रस्तुत घटकात शब्द आणि विचार यांच्या संबंधाकडे वळू. आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाही असतील. त्यामुळे या घटकातील उदाहरणे आपल्या परिचयाची असतील. त्यांच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे एवढेच आपले काम आहे.

३. विषय-विवेचन

३.१ पियाजे यांची भूमिका

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी विचारविकासाच्या चार अवस्था मांडल्या : संवेदन-कारक (जन्म ते सुमारे २ वर्षे), पूर्व-क्रियात्मक (२ ते ७), मूर्त क्रियात्मक (७ ते ११) आणि औपचारिक क्रियात्मक (११ वर्षांनंतर). वयाच्या या मर्यादा स्थूल आहेत. अवस्थांचा क्रम मात्र पियाजे यांच्या मते बदलत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. दोन सारख्या पेल्यांत सारखेच ताक ओतावे आणि मुलासमोरच एका पेल्यातील ताक उंच, अरुंद भांड्यात ओतावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्यात 'जास्त' ताक आहे असे सांगते. त्याला 'जास्त' हा शब्द येतो. परंतु आकार बदलला तरी प्रमाण बदलत नाही, ही अक्षय्यतेची संकल्पना अद्याप स्थिर झालेली नसते. संख्येचेही असेच आहे. १९४१ साली आलिना शेमिन्स्का यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पियाजे यांनी दाखवले की, एक ते दहा घडाघडा म्हणणारे मूलही वस्तूंची रांग लांबवली की वस्तू 'वाढल्या' असे समजते. म्हणजेच शब्द येणे आणि संकल्पना येणे या दोन भिन्न घटना होत.

नातेवाचक शब्दांतही हा फरक दिसतो. लहान मुलाला 'मामा' ठाऊक असतो. पण तोच मामा आपल्या आईचा भाऊ आणि दुसऱ्या कोणाचा तरी बाबा आहे, हे त्याला उशिरा उमगते. नाते हे व्यक्तीचे नाव नसून दोन व्यक्तींमधील संबंध आहे, हे कळण्यासाठी दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे लागते.

३.२ वायगॉट्स्की यांची भूमिका

रशियन अभ्यासक लेव वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी भाषेला याहून मोठे स्थान दिले. खेळताना मूल स्वतःशीच बोलते : 'आता हा ठोकळा इथे… नको, पडेल.' या आत्मकेंद्री भाषणाला पियाजे यांनी अपरिपक्वतेचे लक्षण मानले. वायगॉट्स्की यांच्या मते मात्र हेच भाषण पुढे आत वळते आणि अंतर्गत भाषा म्हणून विचाराचे साधन बनते. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधील अंतराला त्यांनी 'निकट विकासक्षेत्र' म्हटले. अध्यापनाने याच क्षेत्रात काम करावयाचे असते.

३.३ नियमबद्ध चुका

प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातील तीन वर्षांचे मूल 'मी चित्र करलं' असे म्हणते. घरात तर सर्व जण 'केलं' म्हणतात. मग हे रूप आले कोठून? 'बसला', 'पडला', 'उठला' या रूपांवरून मुलाने स्वतः नियम शोधला आणि तो 'कर' या धातूला लावला. हे अनुकरण नव्हे, अनुमान आहे. त्याचप्रमाणे काही मुले कोणत्याही गत दिवसाला 'काल' म्हणतात. आपला 'परवा' हा शब्द तर मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो. त्याचा अर्थ क्रियापदाच्या काळावरूनच ठरतो.

३.४ मराठी संख्यावाचक शब्द

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. '४३' हा आकडा लिहिताना आपण आधी दशक (४) व नंतर एकक (३) लिहितो. बोलताना मात्र 'त्रे-चाळीस' म्हणजे एकक आधी येतो. शिवाय 'तीन' या घटकाची रूपे पाहा : तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याण्णव. 'पन्नास'चे 'एक्कावन्न'मध्ये 'वन्न', तर 'त्रेपन्न'मध्ये 'पन्न' होते. 'सत्तर'चे 'हत्तर' होते. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद या शब्दांत वजाबाकी दडलेली आहे : 'एकोण' म्हणजे 'एकाने ऊन', एकाने कमी. नव्व्याण्णवला मात्र हा नियम लागत नाही.

ही रूपे संस्कृत-प्राकृतातून ध्वनिबदल होत आली आहेत. भाषेच्या इतिहासकाराला त्यांत संगती दिसते. सहा वर्षांच्या मुलाला ती दिसत नाही. शेजारच्या कन्नडमध्ये २१ साठी 'इप्पत्तोंदु', म्हणजे 'वीस-एक' अशी रचना आहे. चिनीमध्ये अकरा म्हणजे 'दहा-एक'. उलट जर्मनमध्येही मराठीप्रमाणे एकक आधी येतो. संख्यावाचकांची पारदर्शकता भाषेगणिक भिन्न असते आणि तिचा परिणाम मुलाच्या सुरुवातीच्या शिकण्यावर होतो.

३.५ २०१९ चा वाद

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात रूढ वाचनाबरोबर 'वीस एक', 'साठ तीन' असे वाचन देण्यात आले. त्यावर वृत्तपत्रांत आणि विधिमंडळातही चर्चा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरयुक्त, अनियमित संख्यानामे अवघड जातात, ही भूमिका मांडली. विरोधकांचा आक्षेप असा की, व्यवहारात सर्वत्र 'त्रेसष्ट' ऐकू येणार असताना मुलाला वेगळे रूप शिकवल्यास गोंधळ वाढेल आणि भाषेचा वारसा क्षीण होईल.

भाषावैज्ञानिक दृष्टीने दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संख्यानामे ही समाजाची मालमत्ता आहे. ती एखाद्या समितीच्या निर्णयाने बदलत नाहीत. परंतु 'साठ तीन' हे रूप 'त्रेसष्ट'च्या जागी न ठेवता त्याच्याकडे नेणारा पूल म्हणून वापरले, तर ते वायगॉट्स्कींच्या अर्थाने साहाय्य ठरते. दशक-एककाचा बोध झाला की ते आपोआप गळून पडते.

३.६ मूल्यमापनातील सावधगिरी

'त्रेचाळीस' ऐकून '३४' लिहिणाऱ्या मुलाला आपण 'कच्चे' ठरवतो. त्याने काय केले ते पाहा : आधी तीन ऐकले, आधी तीन लिहिले. त्याने शब्दाची रचना अचूक ओळखली आहे; लेखनाचा क्रम उलटा असतो एवढेच त्याला अजून उमगलेले नाही. त्याला ४ दहाचे गठ्ठे आणि ३ सुट्या काड्या देऊन 'किती?' असे विचारावे. उत्तर बरोबर आले तर अडचण भाषेची आहे, संख्याबोधाची नाही.

हा भेद सामाजिक दृष्ट्याही महत्त्वाचा आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेसारख्या परिसरातील शिक्षित वर्गाची बोली लोकव्यवहारात प्रमाण मराठीच्या जवळची समजली जाते. तेथील मुलाला 'एकोणसाठ' घरातच वारंवार ऐकायला मिळते. याच पेठेत १९६२ साली डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धीचा शोध हे कार्य मोलाचे आहेच. मात्र हा शोध केवळ प्रमाणभाषेच्या सफाईवरून घेतल्यास, घरी कोरकू, भिली किंवा कन्नड बोलणारे तितकेच चाणाक्ष मूल मागे राहील. पहिलीदुसरीत पडलेला 'मंद' हा शिक्का पुसणे पुढे फार कठीण जाते.

४. सारांश

बालकाचा विचार अवस्थांमधून विकसित होतो. शब्द आणि संकल्पना यांची वाढ एकाच वेळी होतेच असे नाही. भाषा प्रथम सामाजिक व्यवहाराचे, मग विचाराचे साधन बनते. मुलांच्या अनेक चुका नियमबद्ध असतात. मराठी संख्यावाचकांची अनियमितता ही भाषिक अडचण आहे. ती बौद्धिक उणीव समजू नये.

५. आपली प्रगती तपासा

१. 'मी चित्र करलं' या रूपामागील नियम सांगा.
२. आत्मकेंद्री भाषणाविषयी पियाजे व वायगॉट्स्की यांत कोणता मतभेद आहे?
३. '५३' आणि '७३' यांच्या संख्यानामांतील घटक वेगळे करा.

६. उपक्रम

आपल्या परिसरातील चार ते आठ वयोगटातील तीन मुलांशी पालकांच्या संमतीने खेळीमेळीने बोला. ताकाचा किंवा पाण्याचा प्रयोग करा. आठ वर्षांच्या जवळपासच्या मुलांना २१ ते ९९ मधील पाच संख्या ऐकून लिहायला आणि काड्यांनी दाखवायला सांगा. उत्तर 'चूक' किंवा 'बरोबर' एवढेच न नोंदवता मुलाने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहा. संपर्कसत्रात या नोंदींवर चर्चा होईल.