सर्दीखोकल्याचा काढा व आपलें कर्तव्य



हिवाळा लागला म्हणजे खेडोपाडीं घरोघर खोकला ऐकूं येतो आणि चुलीवर काढा चढतो. अशा वेळीं कित्येक विश्वासी जनांच्या मनांत प्रश्न येतो कीं, ज्या तुळशीची शेजारी पूजा करितात, तिचीं पानें आम्हीं काढ्यांत घालावीं काय?

तुळस ही देवानें उत्पन्न केलेली वनस्पति आहे. तिची पूजा करणें आपणांस वर्ज्य आहे; तिचा औषधासाठीं उपयोग करणें वर्ज्य नाहीं. हिज्कीया राजा मरणोन्मुख असतां त्यानें प्रार्थना केली, आणि यशया भविष्यवाद्यानें त्याच्या गळवावर अंजिरें बांधावयास लाविलीं, हें २ राजे, अध्याय २० यांत आपण वाचतों. ज्या देवानें प्रार्थना ऐकिली, त्यानेंच झाडाचें फळही कामीं आणिलें.

तथापि दुर्बळ भावाच्या मनास ठेंच लागूं नये म्हणून जपावें, असें पौल १ करिंथ, अध्याय ८ यांत शिकवितो. ज्याचें मन तुळस घेण्यास कचरतें, त्यास आग्रह करूं नये. गवती चहा व आलें यांचाही काढा चांगला होतो. तसेंच शेजाऱ्याच्या वृंदावनांतलीं पानें न विचारितां तोडूं नयेत. आपल्या परसांत बीं पेरावें.

काढ्याची रीत : कल्हईच्या किंवा स्टीलच्या पातेल्यांत चार पेले पाणी घ्यावें. त्यांत तुळशीचीं १०-१२ पानें, गवती चहाच्या २-३ पाती, बोटाच्या पेराएवढें ठेंचलेलें आलें व ४-५ मिरीं घालून, दोन पेले राहीपर्यंत मंद आंचेवर उकळावें. मग थोडा गूळ घालून गाळावें. मोठ्या माणसानें अर्धा पेला सकाळीं व अर्धा रात्रीं कोमट घ्यावा. काढा रोज ताजा करावा. कित्येक जण अडुळशाचीं पानेंही घालितात. असा काढा गरोदर स्त्रीस देऊं नये. एक वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूं नये; त्यापासून तान्ह्यास विषबाधा होऊं शकते.

आतां काढ्याची मर्यादा ओळखूं. साधी सर्दी बहुधा आठदहा दिवसांत आपोआप बरी होते. काढ्यानें घसा शेकतो व जिवास आराम पडतो, इतकेंच. न्यूमोनिया व क्षय हे काढ्यानें बरे होत नाहींत. खोकणारें मूल शांत असतां त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्यास त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, किंवा मूल दूध-पाणी पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब करूं नये. दोन महिन्यांच्या आंतील बाळ आजारी दिसतांच न्यावें. कोणाचाही खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत क्षयाची तपासणी व औषध विनामूल्य मिळतें.

उपदेशक बंधूंनो, आजाऱ्याच्या घरीं गेल्यावर प्रार्थना अवश्य करा, काढाही करून द्या. परंतु मुलाचे श्वास मोजल्यावांचून उठूं नका. उपचारास विलंब करणें, याला विश्वास म्हणूं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. तुळशीची पूजा व तुळशीचा उपयोग यांत भेद कोणता?
२. दुर्बळ भावासाठीं आपण काय सोडावें?
३. मुलाला दवाखान्यांत केव्हां न्यावें?