प्लॅस्टिकचा जमाखर्च आणि आपला बांध

शेतीस प्लॅस्टिकची संवय लागून आतां बराच काळ लोटला. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेततळ्याचें अस्तर, खताची गोणी, द्राक्षांची पेटी, ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं बहुतेकांच्या घरीं आहेच. ह्या धंद्यावर अलीकडे देशोदेशींच्या कायद्यांचा भार पडूं लागला आहे. तो केवळ कारखानदारांचा प्रश्न नव्हे. शेवटीं तो आपल्या बांधापर्यंत येणार. म्हणून त्याचें स्वरूप वाचकांपुढें मांडितों.

(1) कायद्याचें मूळ. पूर्वीं कारखानदार माल विकून मोकळा होई, आणि कचरा गांवाच्या माथीं बसे. आपल्या देशांत 2016 सालच्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनीं, व विशेषेंकरून 2022 च्या फेब्रुवारींतील सुधारणेनें, ही रीत पालटली. वेष्टनाचें प्लॅस्टिक बाजारांत आणणारा उत्पादक, आयातदार, अथवा आपल्या छापानें माल विकणारा व्यापारी, ह्यांनीं जितकें प्लॅस्टिक बाजारांत घातलें, त्याच्या विल्हेवाटीचा हिशेब मध्यवर्ती प्रदूषण नियंत्रण मंडळास द्यावयाचा. कचरा स्वतः वेंचावा असें नाहीं. नोंदलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याचा दाखला विकत घेतला तरी चालतो. आम्हीं महसूल खात्यांत जन्म घालविला, त्यामुळें ही पद्धत आम्हांस ओळखीची वाटली: खातें, येणें, वसूल आणि बाकी.

ह्याच ओघांत 1 जुलै 2022 पासून एकदां वापरून टाकावयाचे पेले, चमचे इत्यादि जिन्नस बंद झाले, आणि 31 डिसेंबर 2022 पासून पिशवीची जाडी निदान 120 मायक्रॉन ठरली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीचा आग्रह कां? पातळ पिशवीस वजन नाहीं. वजन नाहीं म्हणून वेंचणारास मजुरी सुटत नाहीं. आणि मजुरी सुटत नाहीं तें उकिरड्यावर राहतें.

(2) जुन्यापासून नवें. त्याच 2022 च्या नियमांप्रमाणें कठीण वेष्टनांत 2025-26 सालीं शेंकडा 30, व 2028-29 पर्यंत शेंकडा 60 भाग पुनर्प्रक्रिया केलेलें प्लॅस्टिक घालावयाचें. मऊ वेष्टनांत शेंकडा 10 पासून 20 पर्यंत. हें काम सोपें नाहीं. प्लॅस्टिक वितळवावें तसतसा त्याचा चिवटपणा घटतो. निरनिराळ्या जातींचें एकत्र केल्यास नीट मिसळत नाहीं. आणि अनेक थरांच्या पुड्यांचे थर सुटे होत नाहींत. म्हणून कारखाने आतां एकजिनसी वेष्टनाकडे वळत आहेत. मात्र ह्या धंद्यांत लहान कारखान्यांचा भरणा मोठा, आणि निवडण्याधुण्याच्या यंत्रांचा खर्च त्यांस जड जातो.

(3) हिशेबांतील खोट. मंडळाच्या तपासणींत लाखो दाखले खोटे निघाले. काम झालें नाहीं, कागद मात्र झाला. पीकपाहणी घरीं बसून लिहिली म्हणजे सातबारा स्वच्छ दिसतो, पण शेत निराळेंच असतें, हें आपल्या वाचकांस सांगणें नलगे.

(4) परदेशचा बाजार. सर्व राष्ट्रांचा एकच करार व्हावा म्हणून बुसान येथें 2024 सालीं व जिनीव्हा येथें ऑगस्ट 2025 मध्यें सभा भरल्या. दोन्ही ठिकाणीं एकमत झालें नाहीं. परंतु युरोपीय संघ थांबला नाहीं. त्याचा वेष्टनविषयक कायदा 11 फेब्रुवारी 2025 रोजीं अस्तित्वांत आला. त्यान्वयें 1 जानेवारी 2030 पासून दीड किलोहून कमी ताज्या फळभाजीस एकदां वापरावयाचें प्लॅस्टिकचें वेष्टन वर्ज्य होईल. नाशिकच्या द्राक्षांचें अर्ध्या किलोचें पनेट ह्या कलमांत सांपडतें. फळ सुकतें वा चेंगरतें असें सिद्ध झाल्यास तेथील राष्ट्रांस सूट देतां येते. पण सुटीच्या भरंवशावर बाग लावणें शहाणपणाचें नव्हे. निर्यातदारानें पुठ्ठ्याच्या पनेटचा प्रयोग आजच करावा, आणि बागायतदारानें त्यास तसें विचारावें.

(5) आपलें कर्तव्य. खताची गोणी वेष्टन असल्यानें हिशेबांत येते. मल्चिंगचा कागद व ठिबकची नळी हीं वेष्टनें नव्हत; म्हणून तीं कोणाच्याच खात्यावर चढत नाहींत. जें कोणाच्या खात्यावर नाहीं, तें जमिनीच्या खात्यावर पडतें. नांगराखालीं गेलेले तुकडे मुळांस व पाण्यास अडवितात, आणि पुढील पिढीस तेच वेंचावे लागतात.

सबब आमची सूचना अशी. स्वस्त म्हणून अगदीं पातळ कागद घेऊं नये. तो उचलतांना फाटतो. पीक निघतांच, उन्हानें ठिसूळ होण्यापूर्वीं, कागद गुंडाळून माती झाडावी. नळ्या निराळ्या ठेवाव्या. त्यांस भंगाराचा भाव येतो. जाळूं नये, पुरूं नये. ‘आपोआप विरतो’ असें सांगून कोणी कागद विकूं लागल्यास, तो मातींत मिसळून जातो कीं नुसते बारीक तुकडे होतात, हें लेखी मागावें. एकट्याच्या दोन गुंडाळ्यांसाठीं गाडी येत नाहीं. गांवाची एक गाडी भरली तर येते. करितां प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक जागा नेमून, कोणी किती माल आणला ह्याची वही ठेवावी. ती वही मात्र खरी असावी.