‘स्केब्रस’ : अर्थ आणि वापर

वनस्पतींची इंग्रजी वर्णने वाचताना ‘स्केब्रस’ हे विशेषण वारंवार भेटते. ज्याच्या अंगी खरखरीतपणा आहे ते, असा त्याचा सरळ अर्थ. मूळ लॅटिन शब्द ‘स्केबर’. खाजविणे या अर्थाचा धातू त्याच्या मुळाशी असून ‘स्केबीज’ हे पामेसारख्या रोगाचे नावही त्याच कुळातले.

वनस्पतिशास्त्रात या शब्दाची व्याप्ती नेमकी आहे. आखूड, ताठ रोमांमुळे किंवा सूक्ष्म उंचवट्यांमुळे बोटाला जाणवणारा खरखरीतपणा म्हणजे ‘स्केब्रस’. रोम लांब व राठ असल्यास ‘हिस्पिड’, आखूड व मऊ असल्यास ‘प्युबेसंट’. ‘ग्लेब्रस’ म्हणजे रोमरहित. ‘स्केब्रस’ व ‘ग्लेब्रस’ यांचा शेवट सारखा असल्याने घाईत एकाऐवजी दुसरा वाचला जातो आणि ओळखच उलटी होते.

शाखोटकाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेब्लस ॲस्पर’. येथे ‘ॲस्पर’ म्हणजेही खरखरीत. आपल्या निघंटूंत त्याच वृक्षाला ‘खरच्छद’ म्हटले आहे; ‘छद’ म्हणजे पान. दोन भिन्न परंपरांनी एकाच लक्षणावरून नाव द्यावे, यावरून त्या लक्षणाचे महत्त्व कळते.

तथापि केवळ खरत्वावरून द्रव्यनिश्चिती करू नये. गोजिव्हा म्हणून ‘एलिफंटोपस स्केबर’ घेतात, तसेच गावजबान या नावाने बाजारात येणारे ‘ओनोस्मा ब्रॅक्टिएटम’ही. दोहोंची पाने स्पर्शाला खरखरीत, पण कुळे वेगळी : पहिले सूर्यफुलाच्या कुळातील, दुसरे भोकरवर्गाशी नाते सांगणारे. म्हणून मागणीपत्रात संस्कृत नावासोबत शास्त्रीय नाव अवश्य लिहावे.

परीक्षेविषयी औषधालयचालकांना एक सूचना. वाळून सुरकुतलेले कोणतेही पान खरखरीत लागते. ते पाण्यात भिजवून, पसरून, वरची व खालची बाजू स्वतंत्रपणे चाचपावी आणि भिंगाखाली रोम पाहावेत. चूर्णात स्पर्शाची ही खूण उरत नाही. तेथे सूक्ष्मदर्शकाने रोमांचे अवशेष शोधावे लागतात. शक्य तेथे पान अखंड असतानाच खरेदी करणे हिताचे.

शेवटी एक महत्त्वाचा भेद. ‘स्केब्रस’ हे पृष्ठभागाचे वर्णन आहे. वीस गुर्वादी गुणांतील ‘खर’ गुण द्रव्याच्या कर्मावरून जाणावयाचा असतो. पारिजातकाचे पान चांगलेच खरखरीत, आणि खर हा तर वाताचा गुण. एवढ्यावरून ते वातवर्धक ठरवले, तर गृध्रसीसारख्या वातव्याधीत त्याच्या पानांचा काढा देण्याची परंपराच चुकीची मानावी लागेल. तसेच इंग्रजी ग्रंथांत ‘रूक्ष’ आणि ‘खर’ या दोहोंसाठी ‘रफ’ हा एकच शब्द योजलेला आढळतो. अशा ठिकाणी मूळ संस्कृत पद पाहिल्याशिवाय चिकित्सेचा निर्णय घेऊ नये, असे आम्हास वाटते. शब्द नीट कळला, तर द्रव्य चुकण्याचा संभव कमी होतो.