जुनी स्कॉर्पिओ घ्यावी का?

प्रश्न : ओळखीतल्या एकांची २०१२ ची डिझेल स्कॉर्पिओ मिळते आहे. १ लाख ८० हजार किलोमीटर झाली आहे. मित्र म्हणतात, दहा वर्षांवरची डिझेल गाडी भंगारातच जाणार. काय करावं?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निर्धास्त राहा. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडचा नव्हे. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मात्र २०२७ मध्ये आरटीओची तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हा खर्च येईल. तो आजच भावातून वजा करून बोला.

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा निगा महत्त्वाची. सर्व्हिसच्या पावत्या मागाच, कारण मीटर मागे फिरवलेलाही असू शकतो. सकाळी इंजिन थंड असताना जा आणि गाडी स्वतः सुरू करा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघा. तिथून धूर जोरात उसळत असेल, तर इंजिन झिजलेलं असण्याची दाट शक्यता. असा सौदा मी तरी करणार नाही. मग दौलताबादच्या घाटात न्या. चढावर इंजिनचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच गेलाय. चेसिसला वेल्डिंग वा गंज आहे का, हे तुमच्या मेकॅनिकला खालून बघू द्या.

आरसीवर कर्जाचा बोजा किंवा थकीत चलन नाही ना, तेही तपासा. ओळखीचा व्यवहार असला तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा, विमाही १४ दिवसांत.

टायर, क्लच, सस्पेन्शनसाठी पन्नास-साठ हजार वेगळे काढता येत असतील, तर जरूर घ्या.